मशिदीचे रक्षण कोणाचे काम?

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात अर्धमसला नावाचे खेडे आहे. ३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात या खेड्यातील मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवून आणण्यात आला. मशिदीचे नुकसान झाले. माणसाचा बळी गेला नाही, एवढेच समाधान. मराठवाड्यातील शेतकऱ्याला जिलेटिनच्या कांड्या परक्या नाहीत. विहिरीच्या तळाशी लागलेला खडक फोडून झरा मोकळा करावा, म्हणून त्या वापरल्या जातात. पाण्यासाठी असलेली ती दारू प्रार्थनेच्या जागेत ठेवली जावी, यावरून खेड्यापाड्यांत किती खोलवर विष पोहोचविण्यात आले आहे याची कल्पना यावी.

पोलिसांनी दोघांना तातडीने अटक केली, ते योग्यच झाले. परंतु आरोपी सापडले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. त्यापूर्वी १४ जुलै २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात विशाळगडावरील अतिक्रमणांच्या प्रश्नावरून जमलेल्या जमावाने गडाच्या वाटेवरील गजापूर गावात शिरून मुस्लिम वस्तीतील घरे, वाहने व मशीद यांची मोडतोड केली. वाद गडावरील बांधकामांचा आणि हल्ला गडाखालच्या वस्तीवर! त्याही आधी १० सप्टेंबर २०२३ रोजी सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त करून मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. ज्या कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी १९०६ साली पुढाकार घेतला, ज्या साताऱ्यात प्रतिसरकारच्या लढ्याने शेतकऱ्यांना एकत्र बांधले, त्या मुलखातील या घटना आहेत.

देशाच्या इतर भागांत चित्र वेगळे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत ५३ माणसे मारली गेली. अनेक मशिदींची जाळपोळ झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्रिपुरात मशिदी व मुस्लिमांची दुकाने लक्ष्य झाली. ३१ जुलै २०२३ च्या रात्री राजधानीला लागून असलेल्या, परदेशी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी सजलेल्या गुरुग्राममध्ये मशीद पेटविण्यात आली आणि तेथील नायब इमामाची हत्या झाली. खेडे असो वा महानगर, प्रत्येक वेळी एकच प्रश्न शिल्लक राहतो: मशिदीचे आणि तिच्या सावलीत राहणाऱ्या माणसांचे रक्षण हे नेमके कोणाचे काम आहे?

‘शासनाचे’ हे या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. शासन आपले काम आपण होऊन करीत नाही, हा पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे. त्याला ते करावयास भाग पाडणारी शक्ती कोणती, हा खरा प्रश्न होय.

प्रजासत्ताकाचे पहिले वचन

मुस्लिमांच्या प्रार्थनास्थळांचे रक्षण म्हणजे अल्पसंख्याकांवर केलेली मेहेरबानी, असा प्रचार प्रतिगामी शक्ती अहोरात्र करीत असतात. इतिहास नेमका याच्या उलट आहे. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण आरंभिले. फाळणीच्या वणव्यात होरपळून आलेले लक्षावधी निर्वासित त्या वेळी राजधानीत थंडीत कुडकुडत होते. त्यांच्या दुःखाविषयी गांधीजी उदासीन नव्हते. तरीही त्यांच्या अटींमध्ये, दिल्लीतील ज्या मशिदी बळकावून त्यांची मंदिरे वा निवासस्थाने करण्यात आली होती त्या मुस्लिमांना परत मिळाव्यात आणि मेहरौली येथील ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावरील उरूस निर्भयपणे भरावा, या अटी होत्या. विविध पक्ष-संघटनांच्या प्रतिनिधींनी तसे लेखी वचन दिल्यावर १८ जानेवारीस उपोषण सुटले. २७ जानेवारीस गांधीजी स्वतः मेहरौलीच्या उरुसास गेले. तीन दिवसांनी त्यांचा खून झाला. खुनी पुण्याहून आलेला, मराठी वृत्तपत्राचा संपादक होता, ही गोष्ट मराठी वाचकाने कधीही विसरता कामा नये.

याचा अर्थ असा की संविधान लिहून पुरे होण्यापूर्वीच, बळकावलेली मशीद परत करणे हे या देशाने आपल्या अस्तित्वाचे वचन म्हणून स्वीकारले होते. संविधानाच्या २५ व्या व २६ व्या अनुच्छेदांनी त्याच वचनाला कायद्याचे रूप दिले. ते वचन मोडले जाते तेव्हा केवळ मुस्लिमांचे नुकसान होत नाही. ज्या पायावर दलित, आदिवासी, ख्रिश्चन, स्त्रिया, कामगार अशा प्रत्येक दुर्बळ घटकाचे हक्क उभे आहेत तो पायाच खचतो.

कुलूप आहे, किल्ली कोणाच्या खिशात?

कायदे नाहीत अशी तक्रार करण्यास जागा नाही. प्रार्थनास्थळाची नासधूस वा विटंबना हा जुन्या दंडसंहितेच्या २९५ व्या कलमानुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत २९८ व्या कलमात तोच गुन्हा नमूद आहे. धर्माच्या नावाने वैर पसरविणे हा १९६ व्या कलमाखालील गुन्हा असून तो प्रार्थनास्थळी घडल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पण याच ठिकाणी मेख मारून ठेवलेली आहे. वैर पसरविण्याच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यावयाची तर आधी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे चिथावणीखोर भाषण करणारा सत्ताधाऱ्यांच्या गोटातील असेल, तर त्याच्यावर खटला चालावा की नाही हे त्याच्याच गोटाने ठरवावयाचे! कुलूप दाराला आहे, परंतु किल्ली चोराच्या सोबत्याच्या खिशात आहे.

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाकडून होणाऱ्या हत्यांसंबंधी सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी यासाठी जबाबदार नेमावा, खटले द्रुतगती न्यायालयांत चालावेत, बळींच्या कुटुंबांना भरपाईची योजना असावी, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, आणि संसदेने स्वतंत्र कायदा करण्याचा विचार करावा, असे त्यात सांगितले गेले. मणिपूर, राजस्थान, पश्चिम बंगाल व झारखंड या राज्यांच्या विधानसभांनी २०१८ ते २०२१ या काळात तशी विधेयके संमत केली. ती संमतीच्या टप्प्यावर अडकून पडली. केंद्राने वेगळा कायदा केला नाही. न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येची तरतूद घालण्यात आली खरी. परंतु तिच्यात वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशी कारणे नावानिशी मोजताना ‘धर्म’ हा शब्द मात्र घातला गेला नाही! ज्या कारणाने गेल्या दशकात अशा कित्येक हत्या झाल्या ते कारण उच्चारावयाची कायदा करणाऱ्यांना लाज वाटली की भीती?

गुन्हा मोजावयाचाच नाही, म्हणजे तो घडत नाही असे म्हणता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०१७ साली जमावहत्या व द्वेषमूलक गुन्हे यांची वेगळी आकडेवारी गोळा केली होती. ती विश्वासार्ह नसल्याचे कारण देऊन हे काम बंद करण्यात आले, असे सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत सांगितले. आकडे सदोष असतील तर ते सुधारावेत, ही साधी गोष्ट आहे. तापमापक बिघडला म्हणून रोग्याचा ताप मोजणेच बंद करणाऱ्या वैद्याला काय म्हणावे?

शासनाला कायदे करण्यास सवड नाही असेही नाही. ‘कडव्या डाव्या’ संघटनांच्या बंदोबस्ताचे नाव पुढे करून महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत करण्यात आले. विधानसभेत त्याला स्पष्ट विरोध करणारा आमदार एकच होता, आणि तो लाल बावट्याचा होता. मशिदीत जिलेटिन फुटल्याला त्या वेळी चार महिनेही उलटले नव्हते. द्वेषाच्या प्रचाराला आळा घालणारे विधेयक त्या सभागृहापुढे आले नाही. मोर्चे काढणाऱ्यांना धाक घालणारे मात्र आले. राज्ययंत्रणेला धोका कोणाकडून वाटतो, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

कुदळीच्या जागी अर्ज

प्रार्थनास्थळावर हल्ला केवळ कुदळीने वा सुरुंगाने होतो असे नव्हे. तो न्यायालयातील अर्जानेही होऊ शकतो. हा धोका ओळखूनच १९९१ साली संसदेने प्रार्थनास्थळांविषयीचा विशेष कायदा केला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचे होते तेच त्याचे स्वरूप कायम राहील, ते बदलता येणार नाही, असे त्याने ठरविले. अयोध्येचा वाद तेवढा वगळला गेला. त्या अपवादाचे काय झाले ते ६ डिसेंबर १९९२ रोजी जगाने पाहिले. ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९४९ साली मशिदीत मूर्ती ठेवणे व १९९२ साली मशीद पाडणे ही दोन्ही कृत्ये बेकायदा ठरविली, १९९१ च्या कायद्याचा गौरव केला, आणि जागा मात्र मंदिरासाठी दिली. ३० सप्टेंबर २०२० रोजी लखनौच्या विशेष न्यायालयाने मशीद पाडण्याच्या खटल्यातील हयात असलेल्या सर्व ३२ आरोपींना निर्दोष सोडले. मशीद बेकायदा पाडली गेली, पण ती पाडण्याचा दोष कोणावरच नाही!

या निकालांतून धर्मांध शक्तींनी जो बोध घ्यावयाचा तो घेतला. मे २०२२ मध्ये ज्ञानवापी प्रकरणाच्या सुनावणीत, एखाद्या स्थळाचे धार्मिक स्वरूप तपासणे हे कायद्याने निषिद्धच आहे असे नाही, अशा आशयाचे तोंडी मत न्यायासनाकडून व्यक्त झाले. त्या फटीतून सर्वेक्षणाच्या अर्जांची रीघ लागली. संभल येथे १९ नोव्हेंबर २०२४ रोजी दाव्याच्या दिवशीच जामा मशिदीच्या पाहणीचा आदेश निघाला आणि त्याच दिवशी पाहणी सुरूही झाली. दुसऱ्या पाहणीच्या वेळी, २४ नोव्हेंबरला, उसळलेल्या हिंसाचारात किमान चार माणसे प्राणास मुकली. त्यानंतर १२ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नवे दावे नोंदवू नयेत आणि चालू दाव्यांत पाहणीचे परिणामकारक आदेश देऊ नयेत, असे फर्मावले. हा दिलासा खरा. पण चार तरुणांच्या कबरी खोदून झाल्यावर आलेला.

दोन तराजू

हल्ल्यानंतर न्याय मिळाला असता तर पुढचे हल्ले टळले असते. तसे घडले नाही. मे १९७० मधील भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांनी केली. भिवंडीतील तपास पथकाने मुस्लिमांविरुद्ध कसा पक्षपात केला याचे विदारक वर्णन त्यांच्या अहवालात आहे. अहवाल कपाटात गेला. १९९२-९३ च्या मुंबईतील हत्याकांडात सुमारे ९०० माणसे मारली गेली, १६८ बेपत्ता झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात शिवसेनेची व कित्येक पोलिसांची जबाबदारी स्पष्ट केली. शिवसेना-भाजप सरकारने तो ‘हिंदुविरोधी’ म्हणून झिडकारला; पुढे सत्तेवर आलेल्या काँग्रेस आघाडीने तो झिडकारला नाही, फक्त अमलात आणला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला बेपत्ता माणसांच्या वारसांना शोधून भरपाई द्या असा आदेश राज्याला द्यावा लागला.

मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या वाट्याला तर दुहेरी अन्याय आला. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तान व हमीदिया मशिदीच्या परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे ठार झाली. मेले मुस्लिम आणि पकडले गेलेही मुस्लिमच! नऊ जणांना वर्षानुवर्षे तुरुंगात व कोर्टात झिजविल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्कू चौकातील स्फोटात सहा जण ठार झाले. त्या खटल्यातील सातही आरोपी पुराव्याअभावी ३१ जुलै २०२५ रोजी सुटले. हैदराबादच्या मक्का मशिदीत १८ मे २००७ रोजी नऊ नमाजी स्फोटात मारले गेले. त्या खटल्यातील आरोपीही एप्रिल २०१८ मध्ये निर्दोष ठरले. पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये, हे तत्त्व कम्युनिस्टांना पूर्णपणे मान्य आहे. पण मग पुरावा गोळा करण्याचे काम कोणाचे होते? साक्षीदार उलटले, तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे फिरत राहिला, आणि अखेर नमाजास गेलेली माणसे कोणीच मारली नाहीत असा हिशेब लागला. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना अपराधी कोण हे सांगण्याचे ऋण शासनाच्या डोक्यावर आजही आहे.

मशीद कोणाला खुपते?

या हल्ल्यांचे मूळ हिंदू शेतकऱ्याच्या वा कामगाराच्या धर्मश्रद्धेत शोधणे चूक होईल. सप्त्याला जाणारा शेतकरी आणि मोहरमच्या ताबुताला नवस बोलणारा शेतकरी महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी एकच असतो. द्वेष जमिनीतून आपोआप उगवत नाही. त्याची पेरणी करावी लागते, त्याला खतपाणी घालावे लागते, आणि त्यासाठी पैसा, वाहने, ध्वनिक्षेपक व राजाश्रय लागतो.

गरीब मुस्लिम वस्तीत मशीद ही केवळ प्रार्थनेची जागा नसते. मयतीची खबर तेथूनच मिळते, मुलांची अक्षरओळख तेथे होते, परगावच्या मजुराला रात्रीचा आसरा तेथे मिळतो, दुष्काळात वा महापुरात मदतीचे धान्य तेथून वाटले जाते. म्हणून मशीद फोडणारा केवळ भिंत फोडीत नाही. ‘या गावात तुमची जागा नाही’ असे तो सगळ्या वस्तीला बजावीत असतो. जून २०२३ मध्ये उत्तराखंडातील पुरोला येथे मुस्लिम दुकानदारांनी गाव सोडावे अशी भित्तिपत्रके लागली, तेव्हा हाच मजकूर उघडपणे लिहिला गेला होता. धर्मरक्षणाच्या घोषणेखाली दुकानाची गिऱ्हाईके, बाजारातील गाळा आणि गावठाणातील जागा हिसकावण्याचा व्यवहार चालतो.

आणि लाभ कोणाचा होतो? बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. उचलीच्या पैशाला बांधलेली कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन घर सोडतात; त्यांत मराठा आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत, मुस्लिमही आहेत. मुकादमाच्या हिशेबात त्यांचा धर्म पाहिला जात नाही. सर्वांनी मिळून तोडणीचा दर मागितला तर कारखानदाराची झोप उडते. पण त्याच माणसांना एकमेकांच्या मशिदी-मंदिरांवर पहारे ठेवावे लागले, तर दराचा प्रश्न आपोआप मागे पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू करण्यात आल्या; शतकभराच्या लढ्यांनी मिळविलेले हक्क एका फटक्यात पातळ झाले. ज्या देशात कामगार वर्ग एकजुटीने उभा आहे तेथे हे इतके सोपे नसते. मशिदीवर फेकलेला दगड अशा रीतीने हिंदू कामगाराच्याच ताटात येऊन पडतो.

शिलेदार दोन, लढाई एकच

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो: मशिदीच्या रक्षणाची भाषा करणारे मुल्ला-मौलवींच्या प्रतिगामीपणाकडे डोळेझाक करतात. हा आरोप कम्युनिस्टांना लागू पडत नाही. १९८६ साली शहाबानो प्रकरणी काँग्रेस सरकारने मुस्लिम कर्मठांपुढे गुडघे टेकले आणि त्याच वर्षी बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले. एका हाताने एका धर्मांधतेला आणि दुसऱ्या हाताने दुसरीला कुरवाळण्याच्या त्या धोरणाची किंमत देश आजही मोजीत आहे. बहुसंख्याकांची धर्मांधता आणि अल्पसंख्याकांची धर्मांधता एकमेकींवर पोसतात. पण राज्यसत्ता हाती घेऊन लोकशाहीच गिळण्याची शक्ती पहिलीत आहे, हा फरक विसरता येत नाही.

शिवाय वेढा पडलेल्या वस्तीत सर्वांत आधी गळा दाबला जातो तो सुधारकाचा. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मशिदीच्या दारात जमाव उभा असताना तलाकपीडित स्त्रीचा प्रश्न मांडणाऱ्या मुस्लिम स्त्री-पुरुषांना ‘आता ही वेळ नव्हे’ असे सांगून गप्प बसविणे कर्मठांना सोपे जाते. मशिदीवरील प्रत्येक हल्ला मौलवीचे आसन अधिक पक्के करतो. ज्यांना मुस्लिम समाजात खरोखर सुधारणा हवी आहे त्यांनी म्हणूनच त्या समाजाच्या निर्भयतेसाठी आधी उभे राहिले पाहिजे.

त्रिपुरातील हल्ल्यांना निमित्त झाले ते बांगलादेशात दुर्गापूजेच्या काळात हिंदूंवर झालेल्या अत्याचारांचे. तेथील हिंदूंचे मंदिर आणि येथील मुस्लिमांची मशीद या दोहोंच्या रक्षणाची लढाई एकच आहे. एकीचा सूड दुसरीवर घेणारा दोन्ही ठिकाणच्या अल्पसंख्याकांचा शत्रू होय.

भिवंडीचा धडा

रक्षण शक्य आहे काय? इतिहास सांगतो की शक्य आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींनी भाजून निघालेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी, त्यांत कारागीर, मागवाले, दुकानदार, नियमितपणे एकत्र बसू लागले. नळाच्या व गटाराच्या तक्रारीपासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सारे तेथे बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगलखोर शहर म्हणून ज्याची हेटाळणी होत असे त्याच शहराने हे करून दाखविले. दंगल सुरू झाल्यावर आलेल्या शंभर गाड्यांपेक्षा आधीच्या चार वर्षांतील गल्लीतील बैठका अधिक कामी आल्या.

मलबारमधील तेल्लिचेरी येथे १९७१ च्या डिसेंबरअखेर दंगल उसळली, तेव्हा विडी कामगार व शेतमजूर यांच्या संघटनांत तयार झालेले कम्युनिस्ट कार्यकर्ते मुस्लिम वस्त्यांच्या व मशिदींच्या पहाऱ्याला उभे राहिले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे यू. के. कुंजीरामन जानेवारी १९७२ मध्ये मारले गेले. मशिदीच्या रक्षणात पडलेला हुतात्मा म्हणून त्यांचे स्मरण पक्ष आजही करतो. त्याहून जुने उदाहरण अहमदाबादचे. १ जुलै १९४६ रोजी दंगल शमविण्यासाठी रस्त्यावर उतरलेले वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली हे दोन मित्र जमावाच्या हातून एकत्रच मारले गेले. ते कम्युनिस्ट नव्हते, काँग्रेसचे स्वयंसेवक होते. परंतु माणुसकीच्या या परंपरेवर कोणा एका पक्षाची मालकी नाही आणि असूही नये.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे. संकटाच्या रात्री कोण दारात उभे राहील, हे त्या रात्री ठरत नाही. जेथे रोजच्या प्रश्नांवर हिंदू-मुस्लिम कष्टकरी एका युनियनमध्ये, एका समितीत, एका मोर्चात आधीपासून एकत्र आलेले असतात, तेथे अफवेला पाय फुटत नाहीत. जेथे असे काहीच उभे नसते, तेथे पोलीस येईपर्यंत मशीद जळालेली असते.

मागण्या आणि कर्तव्य

म्हणून लढा दुहेरी असला पाहिजे. शासनाकडे मागण्या स्पष्ट हव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात नेमावयाच्या अधिकाऱ्याचे नाव व ठिकाण गावोगावी जाहीर झाले पाहिजे. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, हा न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना लागू केलेला आदेश पाळला गेला पाहिजे. खटल्याच्या मंजुरीचा निर्णय ठरावीक मुदतीत झाला पाहिजे. द्वेषमूलक गुन्ह्यांची वेगळी नोंद पुन्हा सुरू झाली पाहिजे. ‘धर्म’ हे कारण कायद्यात नावानिशी आले पाहिजे. फोडलेल्या प्रार्थनास्थळाची व घरांची भरपाई धर्म न पाहता आणि अर्जविनंत्यांवाचून मिळाली पाहिजे. १९९१ च्या कायद्यात कोणतीही फट राहता कामा नये. आणि दंगलीची बातमी देणाऱ्यांवरच खटले भरण्याचा प्रकार थांबला पाहिजे. त्रिपुरात २०२१ साली समाजमाध्यमांवरील १०२ खात्यांवर, त्यांत वकील व पत्रकारांच्याही, दहशतवादविरोधी कायदा लावण्यात आला होता, हे विसरून चालणार नाही.

परंतु निवेदनांचे भेंडोळे सरकारच्या टेबलावर ठेवून घरी जाणे म्हणजे कर्तव्य पार पाडणे नव्हे. कामगार संघटनांनी, किसान सभेने, शेतमजूर, विद्यार्थी व महिला संघटनांनी आपापल्या भागात शांतता समित्या सणांपूर्वीच उभ्या केल्या पाहिजेत. मिरवणुकीच्या मार्गावर संघटनेचे कार्यकर्ते असले पाहिजेत. अफवा आली की तासाभरात तिचा छडा लावून खरी हकीकत वस्तीत पोहोचली पाहिजे. हल्ला झालेल्या गावात पंचनाम्यापासून साक्षीदाराला धीर देण्यापर्यंत वकील व कार्यकर्ते पोहोचले पाहिजेत. हे काम प्रसिद्धीचे नाही, मतांचेही नाही. युनियनच्या सभासदालाही ‘त्यांचीच बाजू का घेता?’ असे विचारण्याचा मोह पडेल. त्याला न रागावता, न टाळता, वर्गाच्या हिताचा हिशेब मांडून उत्तर द्यावे लागेल.

अर्धमसल्याच्या मशिदीचे दार केवळ तेथील मुस्लिमांचे नाही. गावच्या विहिरीवर जसा सगळ्या गावाचा हक्क आणि तिच्या राखणीचा सगळ्या गावावर भार, तसेच या दाराचेही आहे. ज्या दिवशी शेजारचा हिंदू शेतकरी, शेतमजूर, ऊसतोड कामगार मशिदीकडे जाणाऱ्या जमावाची वाट अडवून सांगेल की ‘हे आमचे गाव आहे, येथून पुढे पाऊल टाकता येणार नाही’, त्या दिवशी शासनालाही आपले कर्तव्य आठवेल. तो दिवस आपोआप उगवणार नाही. तो संघटनेच्या बळावर आणावा लागेल, आणि तो आणणे हे कष्टकऱ्यांच्या चळवळीचे आजचे निकडीचे काम आहे.